कच्ची वही टाकून देऊ नका

दहावीच्या प्रयोगवहीतला ओहमच्या नियमाचा तक्ता समजा असा आहे: विभवांतर ०.५, १.०, १.५, २.० व्होल्ट आणि समोर विद्युतधारा ०.१३, ०.२६, ०.३७, ०.५१ ॲम्पियर. भागाकार केला की रोध दर ओळीत चार ओहमच्या आसपास. आलेख काढला तर जवळजवळ सरळ रेषा. तक्ता दिसायला झकास आहे, पण तो प्रयोगशाळेत तयार झालेला नाही, चॅटजीपीटीसारख्या एआयनं (कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनानं) लिहून दिलाय, हे विज्ञानाच्या बाईंना बघताक्षणी कळतं. शाळेतला ॲमीटर बहुतेक वेळा ० ते १.५ ॲम्पियरचा असतो. त्यावर तीस घरं, म्हणजे एक घर ०.०५ चं. काटा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबला तर फार तर ०.३७५ लिहिता येईल. ०.२६ आणि ०.५१ त्या तबकडीवर वाचताच येत नाहीत.

एआयला लघुत्तम माप, म्हणजे साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, माहीत नसतं असं नाही. विचारलं तर व्याख्या घडाघडा सांगेल. पण तुमच्या टेबलावरचा ॲमीटर त्यानं पाहिलेला नाही. ‘ओहमच्या नियमाची निरीक्षणं दे’ म्हटलं की ते निरीक्षणांसारखे दिसणारे आकडे देतं. खऱ्या प्रयोगात काय होतं? कळ दाबून धरली, पोरं गप्पा मारत बसली, तार तापली, रोध थोडा वाढला आणि चौथं निरीक्षण रेषेबाहेर गेलं. किंवा तारेच्या टोकाचं इनॅमल नीट खरवडलं नाही, त्यामुळे सगळीच धारा कमी आली. हा बिघाडच त्या प्रयोगातला शिकण्याचा भाग आहे. त्यामुळे आकडे आपले घ्यायचे आणि मग एआयला विचारायचं: ‘माझी चार निरीक्षणं ही आहेत. चौथं रेषेच्या बाहेर का गेलं असेल? तीन शक्यता सांग, आणि प्रत्येक शक्यता कशी तपासायची तेही सांग.’ इथं एआय खरोखर कामाला येतं. तीनपैकी एक शक्यता हमखास ‘तार तापली’ अशी असते. मग कळ थोडा वेळ सोडून पुन्हा मोजता येतं.

‘एआय वापरलं की नाही’ हा प्रश्न म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. शिक्षकांनी ते काम कशासाठी दिलंय, हे आधी बघायचं. प्रयोगवही निरीक्षणासाठी असते, निबंध आपलं म्हणणं आपल्या शब्दांत मांडण्यासाठी, गणिताचा स्वाध्याय पायऱ्या सुचाव्यात म्हणून, प्रकल्प बाहेर जाऊन माहिती गोळा करून तिचा अर्थ लावण्यासाठी. ज्या गोष्टीसाठी काम दिलं ती गोष्ट स्वतः करायची. बाकीची मदत घ्यायला हरकत नाही, फक्त घेतली हे सांगायचं. मुखपृष्ठाचं डिझाइन एआयनं केलं म्हणून पर्यावरणाच्या प्रकल्पाचं काही बिघडत नाही. तेच चित्रकलेच्या वहीत चालणार नाही.

आणि एआय आल्यामुळे शाळा बुडाली असा गळा काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. गाईडमधून स्वाध्याय उतरवणं, आत्याच्या मुलीकडून चार्ट रंगवून घेणं, गेल्या वर्षीची प्रकल्पवही नाव बदलून देणं, हे सगळं आपल्याकडे कैक वर्षं चालू आहे. फरक वेगाचा आहे. गाईडमधून उतरवताना निदान हात तरी दुखायचा, एखादं वाक्य डोक्यात राहायचं.

दोन शाहू आणि तीन राजाराम

इतिहासाच्या बाबतीत कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांना एक जादा अडचण आहे, ती नावांची. शाहू महाराज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दसरा चौकातला पुतळा येतो. एआयपुढे मात्र दोन शाहू असतात. एक साताऱ्याचे, संभाजी महाराजांचे पुत्र, १६८२ ते १७४९. यांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. दुसरे आपले राजर्षी: २६ जून १८७४ चा जन्म, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक, २ एप्रिल १८९४ रोजी राज्यारोहण, ६ मे १९२२ रोजी मुंबईत निधन. नुसतं ‘शाहू महाराजांवर ३०० शब्दांत माहिती लिही’ म्हटलं तर कधीकधी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत राजर्षींची वसतिगृहं चालतात आणि तिसऱ्यात अचानक पेशवे येतात. वाक्यं गुळगुळीत असतात, त्यामुळे सांधा दिसत नाही.

राजारामांचं तर आणखी अवघड. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम (१६७० ते १७००), युरोपच्या दौऱ्यावरून परतताना १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारलेले कोल्हापूरचे राजाराम महाराज, आणि राजर्षींचे पुत्र राजाराम, जे १९२२ मध्ये गादीवर आले आणि १९४० मध्ये गेले. ‘राजाराम महाराजांचा मृत्यू कसा झाला’ या साध्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. एआय त्यातलं कुठलंही एक निःशंकपणे देऊ शकतं, नाहीतर तिन्हींची भेसळ करू शकतं.

असं का होतं? चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखी साधनं कपाट उघडून फाइल वाचत नाहीत. वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून, आत्तापर्यंतच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल हे ती मोजत जातात. ‘शाहू’ या शब्दाभोवती दोन्ही माणसांचा मजकूर साठलेला असतो. त्यात जालावरचा मराठी मजकूर इंग्रजीच्या मानानं किरकोळ, आणि कागल, करवीर, जहागिरी यांच्यावरचा त्याहून किरकोळ. मजकूर कमी तिथं ठोकून देणं जास्त. म्हणून प्रश्न विचारतानाच माणूस पक्का करायचा: ‘कोल्हापूर संस्थानचे राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२. साताऱ्याच्या शाहूंबद्दल काही लिहू नकोस. ज्या तारखेची खात्री नाही ती देऊ नकोस.’ एवढ्यानं भेसळ बरीच कमी होते, पण संपत नाही. ‘खात्री नाही ती देऊ नकोस’ सांगितलं तरी खात्री कशाची आहे हे यंत्राला नेमकं ठरवता येत नाही.

पुढचं काम पेन्सिलीचं आहे. आलेला मजकूर कागदावर किंवा पडद्यावर घ्या आणि प्रत्येक विशेषनाम, प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा अधोरेखित करा. तीनशे शब्दांत अशा दहा-पंधरा जागा सहज निघतात. मग एकेक घेऊन शोधायचं. पहिलं ठिकाण पाठ्यपुस्तक. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यामुळे ‘पुस्तक शाळेत राहिलं’ ही सबब चालत नाही. दुसरं मराठी विश्वकोश, तोही जालावर फुकट आहे. तिसरं ग्रंथालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, आणि कोल्हापूरविषयी तिथल्या कपाटात जे आहे त्यातलं सगळं काही जालावर आलेलं नाही. संस्थानच्या काळाबद्दल काही हवं असेल तर १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटिअर बघता येतं. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे. तिथं एक परिच्छेद सोप्या मराठीत समजावून घ्यायला एआय जरूर वापरा. हा वापर उत्तम, कारण मूळ मजकूर तुमच्या समोर असतो आणि चूक झाली तर दिसते.

पडताळून मिळालं त्यापुढे पान क्रमांक लिहायचा. नाही मिळालं तर ते वाक्य खोडायचं, कितीही सुंदर असलं तरी.

इथं एक फसवी गोष्ट आहे. एआयलाच ‘संदर्भ दे’ म्हटलं तर ते संदर्भ देतं: लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, वर्ष, पान. त्यातलं पुस्तकच अस्तित्वात नसण्याची शक्यता चांगलीच असते. हे फक्त पोरांच्या बाबतीत घडतं असं समजू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यातल्या वकिलानं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, हे खटले खरे आहेत का. ते ‘हो’ म्हणालं. चोराला विचारायचं चोरी केलीस का, त्यातलाच प्रकार. जालावर शोधून दुवे देणारी साधनं यापेक्षा बरी, पण दुवा उघडून ते वाक्य तिथं खरंच आहे का ते बघावंच लागतं. दुवा खरा आणि वाक्य भलतंच, असंही निघतं.

पंचगंगेचा प्रकल्प

जलसुरक्षा किंवा पर्यावरण या विषयांसाठी आपल्याकडे दर वर्षी शेकडो प्रकल्प पंचगंगेवर होतात. एआयकडून लिहून घेतलेला प्रकल्प ओळखायच्या काही खुणा आहेत, आणि त्या चुकांचा अभ्यास केला तर खरा प्रकल्प कसा करायचा तेही कळतं.

पहिली खूण पंचगंगा ज्या पाच नद्यांची मिळून बनली म्हणतात त्यांची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती अशी यादी येते आणि पाचही जणी जणू नकाशावर दाखवता येतील अशा थाटात लिहिलेलं असतं. सरस्वती गुप्त मानली जाते, ती परंपरेतली नदी आहे. नकाशात बोट ठेवायला चारच सापडतील. ‘पाचवी दाखव’ असं सरांनी म्हटलं की वहीचा मालक छताकडे बघतो.

दुसरी खूण बीओडीची. ‘आम्ही तीन ठिकाणी पाण्याचा बीओडी मोजला, तो अनुक्रमे ३.२, ५.८ आणि ७.१ आला.’ बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. तो मोजायला नमुना ठराविक तापमानाला बंद ठेवावा लागतो, २० अंश सेल्सियसला पाच दिवस किंवा २७ अंशांना तीन दिवस, आणि आधी व नंतर विरघळलेला ऑक्सिजन मोजावा लागतो. नववीतल्या मुलानं हे घरी कुठं केलं? ‘बीओडी कुठं मोजलास रे?’ एवढा एकच प्रश्न पुरतो.

तिसरी चूक जास्त बारीक आहे आणि ती प्रामाणिक मुलांचीही होते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर आणला, नदीच्या पाण्यात बुडवला, आकडा आला २२०. एआय सांगतं, ५०० पेक्षा कमी म्हणजे चांगलं. मग निष्कर्ष: पंचगंगेचं पाणी पिण्यायोग्य. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा खरी आहे, भारतीय मानक १०५०० मधली, पण ते मानक पिण्याच्या पाण्याचं आहे आणि टीडीएस ही त्यातली अनेकांपैकी एक चाचणी आहे. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. मैलापाण्यातले जिवाणू त्याला दिसत नाहीत. नदीसाठी बघायचं असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं वर्गीकरण बघायचं: आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम असावा, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ मध्ये असावा. एआयला नुसतं ‘पाण्याचं मानक’ विचारलं की ते पिण्याचं मानक पुढं करतं. ‘नदीचं, आंघोळीसाठीचं’ असं विचारलं तर दुसरं. प्रश्न नेमका हवा, आणि नेमका प्रश्न विचारायला विषय थोडा तरी आधी वाचलेला हवा.

मग घरच्या साधनांत काय करता येतं? सामू कागदी पट्टीनं, तापमान तापमापकानं, गढूळपणा पारदर्शक बाटलीमागे छापील कागद धरून. ठिकाणं निदान तीन: शहराच्या वर प्रयाग चिखलीकडे एक, जयंती नाला नदीला मिळण्याआधी एक, मिळाल्यावर एक. तिन्ही नमुने एकाच दिवशी, दोन तासांच्या आत, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. एक लिटरची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, मग भरायची. बाटलीवर जागा आणि वेळ लगेच लिहायची, कारण घरी गेल्यावर तिन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. सोबत मोठं माणूस हवं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याजवळ जायचंच नाही. त्या दिवसांत वेगळा प्रकल्प करा: राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी रोज वर्तमानपत्रातून उतरवायची. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सोबत राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले ते लिहायचं. पंधरा दिवसांचा असा तक्ता हाती आला की एआयला देण्यासारखं काही तरी तुमच्याकडे असतं: ‘हा माझा तक्ता. दरवाजे उघडल्यावर पातळी वाढायला किती वेळ लागतो असं यावरून दिसतं का? माझ्या तक्त्यातून जे सांगता येत नाही ते स्पष्ट सांग.’ शेवटचं वाक्य विसरू नका. ते घातलं नाही तर एआय पंधरा ओळींच्या तक्त्यावरून हवामानबदलापर्यंत जाऊन पोचतं. पाऊस, इतर धरणांचा विसर्ग, खाली कृष्णेचा फुगवटा, हे सगळं पातळीवर परिणाम करतं आणि त्यातलं काहीच तक्त्यात नसतं.

मुलाखती एआयकडून तयार करून घेणं हा मात्र सरळ खोटेपणा आहे. ‘एका शेतकऱ्याची मुलाखत लिही’ म्हटलं की पौराणिक सद्गुणांनी भरलेले एक रामभाऊ तयार होतात, जे ‘पाणी हेच जीवन आहे’ म्हणतात. पुरात ज्याचा ऊस चार दिवस पाण्याखाली होता तो माणूस असं बोलत नाही. तो कुठल्या सरीपर्यंत पाणी आलं आणि पंचनाम्याला किती दिवस लागले ते सांगतो. प्रश्न सुचवायला एआय घ्या. उत्तरं माणसाकडून घ्या.

मराठी निबंध

एआयचं मराठी वाचलं की शब्द मराठी आणि हाड दुसऱ्याच भाषेचं, असं वाटतं. ‘रंकाळा शहराच्या सौंदर्यात महत्त्वाची भूमिका बजावतो.’ ‘तो केवळ तलाव नाही, तर एक भावना आहे.’ ‘पर्यटकांना आनंद प्रदान करतो.’ भूमिका नाटकात असते आणि प्रदान पदवी करतात. शिवाय हिंदीची सावली: कवि, गुरु, शक्ति अशी ऱ्हस्व रूपं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: कवी, गुरू, शक्ती. समासात पुढं शब्द आला की मात्र ऱ्हस्व: कविराज, गुरुकुल, शक्तिशाली. ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखी अव्ययं अपवाद. हा नियम माहीत असलेल्या बाईंना वहीत एकाच पानावर ‘कवि’ तीनदा दिसला की पुढचं वाचायची गरज उरत नाही.

निबंधात क्रम उलटा ठेवा. आधी स्वतः दहा ओळी लिहा, कितीही वेड्यावाकड्या. रंकाळ्यावर लिहायचं तर अर्धा तास तिथं बसा आणि जे दिसेल ते टिपा: उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठ किती वर येतो, जलपर्णी कुठल्या बाजूला साचली आहे, संध्याकाळी सहाला कोण येतं आणि आठला कोण. मग त्या दहा ओळी एआयला देऊन सांगा: ‘माझा निबंध पुन्हा लिहू नकोस. वाचकाला पडतील असे पाच प्रश्न विचार.’ प्रश्न येतील: पाण्याला वास कसा होता, तू तिथं कुणाबरोबर गेलास, जलपर्णी कोण काढतं. त्यांची उत्तरं लिहिली की दहाच्या पंचवीस ओळी होतात, आणि सगळ्या तुमच्याच.

शुद्धलेखन तपासून घेतानाही बजावून सांगावं लागतं: ‘वाक्यं बदलू नकोस. चुकलेला शब्द, बरोबर शब्द आणि नियम एवढंच दे.’ असं न सांगता मजकूर दिला तर ‘सुधारून देतो’ म्हणून ते सगळं इस्त्री करून टाकतं. संवादातलं ‘आलोय की’, ‘काय करालाय?’ जाऊन तिथं ‘मी आलो आहे’, ‘आपण काय करत आहात?’ बसतं. पात्र कोल्हापूरचं असेल तर त्याला कोल्हापूरचं बोलू द्यावं. आणि नियम सांगतानाही एआय चुकतं, म्हणून शंका आली की व्याकरणाचं पुस्तक.

गणितात फार सांगण्यासारखं नाही. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, म्हणून उत्तर मागू नका, पुढची एक पायरी मागा. वहीचा फोटो टाकत असाल तर आधी त्यानं गणित काय वाचलं ते लिहून घ्या, कारण हातानं लिहिलेला १ आणि ९ यांत त्याची गल्लत होते. आणि उत्तर दुसऱ्या वाटेनं तपासा. २०,००० रुपयांचं द.सा.द.शे. ८ दरानं २ वर्षांचं चक्रवाढ व्याज ३,३२८ रुपये येतं. सरळव्याज ३,२००. फरक १२८, आणि १२८ म्हणजे पहिल्या वर्षाच्या १,६०० रुपये व्याजावरचं ८ टक्के. हा फरक जुळला की उत्तर बरोबर, मग ते कुणीही काढलेलं असो.

कच्ची वही आणि नोंद

शिक्षकांचा संशय फिटेल असा सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे कच्ची वही. शंभर पानी, जुन्या वर्षाची उरलेली चालेल. त्यात तारीख टाकून सगळं येऊ द्या: घाटावर घेतलेली निरीक्षणं, खोडलेली वाक्यं, एआयला विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, उत्तरातलं काय घेतलं, काय टाकलं आणि का टाकलं. ‘पाचवी नदी नकाशात नाही, म्हणून वाक्य बदललं’ ही एक ओळ छापील रंगीत मुखपृष्ठापेक्षा जास्त बोलते. प्रकल्प जमा केला म्हणून ही वही रद्दीत घालू नका, निकाल लागेपर्यंत ठेवा.

पक्क्या वहीत ऋणनिर्देशाच्या आधी चार ओळींची नोंद घाला. अशी:

‘एआयचा वापर: चॅटजीपीटी, मोफत आवृत्ती, १२ व १५ ऑगस्ट. मुलाखतीसाठी वीस प्रश्न सुचवून घेतले, त्यातले आठ वापरले, तीन आम्ही घातले. बीओडी म्हणजे काय ते समजून घेतलं आणि पाठ्यपुस्तकातून पडताळलं. निष्कर्षातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवून घेतल्या. मोजमापं, फोटो, मुलाखती आणि निष्कर्ष आमच्या गटाचे.’

‘या प्रकल्पासाठी एआयची मदत घेतली आहे’ असं मोघम एक वाक्य लिहून भागत नाही. त्यातून काहीच कळत नाही. आणि शिक्षकांनी एआय वापरायचंच नाही असं सांगितलं असेल तर नोंद लिहून सुटका होत नाही. तिथं वापरायचंच नाही.

शिक्षकांसाठीही एक गोष्ट. ‘हा मजकूर ९२ टक्के एआयचा’ असं सांगणाऱ्या डिटेक्टरवर विसंबून कुणाचे गुण कापू नका. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनं स्वतः असं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं. त्यांच्याच चाचणीत त्यानं एआयचा २६ टक्के मजकूर पकडला आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुराला एआयचा ठरवलं. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले, तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. कारण सरळ आहे: परक्या भाषेत लिहिणारा माणूस ठराविक शब्द आणि सोपी वाक्यं वापरतो, आणि डिटेक्टर नेमकं तेच पकडतो. आपल्याकडचा सेमी इंग्रजीचा मुलगा पाठ केलेल्या वाक्यांत प्रामाणिकपणे इंग्रजी निबंध लिहितो, तो यात पहिला अडकेल.

त्यापेक्षा तोंडी घ्या. साठ मुलांची प्रत्येकी चार मिनिटं म्हणजे चार तास, ते जमणार नाही, मान्य. पण चिठ्ठ्या टाकून एका पस्तीस मिनिटांच्या तासाला आठ मुलं सहज होतात. कुणाची चिठ्ठी निघेल माहीत नसलं की साठही जण वाचून येतात. वही मिटून ‘ही आकृती समजावून सांग’, ‘हा शब्द का वापरलास’, ‘दुसरा नमुना किती वाजता घेतलास’ एवढे तीन प्रश्न पुरतात.

फोनबद्दल. बहुतेक मुलांच्या हातात एआय येतं ते वडिलांच्या व्हॉट्सॲपमधल्या निळ्या गोलातून किंवा आईच्या ईमेलवर उघडलेल्या खात्यातून. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वय किमान १३ हवं आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी हवी. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ खालचं प्रत्येक जण मूलच आहे. म्हणून खातं चोरून नको, सांगून उघडा. प्रश्नात स्वतःचं पूर्ण नाव, शाळा, हजेरी क्रमांक, फोन नंबर घालू नका. ‘नववी, राज्य मंडळ, मराठी माध्यम’ एवढं पुरे. वर्गमित्रांचे चेहरे दिसतील असे फोटो टाकू नका. तुमच्या गप्पा पुढचं मॉडेल शिकवायला वापरू नयेत यासाठी चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटाच्या भागात एक बटण असतं, ते आधी बंद करा. आणि मुलाखत दिलेल्या काकांचं रेकॉर्डिंग लिहून काढायला एआयला द्यायचं असेल तर त्यांना आधी विचारा. नको म्हणाले तर हेडफोन लावून हातानं उतरवा. दहा मिनिटांच्या बोलण्याला पाऊण-एक तास लागतो, तेवढा वेळ रविवारी राखून ठेवा.